बडोद्यात आरोग्यक्षेत्राचं शिक्षण: फॉर्म भरण्याआधी विचारायचे तीन प्रश्न

बारावीचा निकाल लागला की दांडिया बाजार, बाबाजीपुरा, कारेलीबागेतल्या मराठी घरांतून आणि नंदुरबार-धुळ्याकडच्या नातेवाइकांचेही फोन सुरू होतात. ‘एम. एस. युनिव्हर्सिटीत मेडिकल लाइनला घालायचंय, फॉर्म कुठे मिळतो?’ प्रश्न सरळ आहे, पण त्याला एक उत्तर नाही. पदवी महाराजा सयाजीराव विद्यापीठाची असली तरी प्रवेश देणारं कार्यालय वेगळं असतं. काम करायचा परवाना देणारी संस्था आणखी तिसरीच असते. हे न समजल्यामुळे हुशार मुलांचं वर्ष वाया गेलेलं मी पाहिलं आहे, आणि ते बघवत नाही. म्हणून कोणताही अभ्यासक्रम मनात आला की आधी एका कागदावर तीन प्रश्न लिहा: प्रवेश कोण देतं? पदवीवर कोणाचं नाव असेल? शिकून झाल्यावर नोंदणी कोणत्या कौन्सिलकडे होईल? तिन्ही उत्तरं मिळेपर्यंत पैसे भरू नका.

आधी विद्यापीठ नीट ओळखा

हे विद्यापीठ 1949 साली झालं. त्याचं मूळ म्हणजे 1881 चं बडोदा कॉलेज. हे राज्य विद्यापीठ आहे आणि शिकवण्याचं माध्यम इंग्रजी आहे. गुजरातीत किंवा मराठीत शिकून आलेल्या मुलांना पहिले काही महिने जड जातात, पण त्यातून सगळे बाहेर पडतात. त्याबद्दल पुढे सांगते.

आरोग्याशी संबंधित विभाग एकाच आवारात नाहीत. मेडिसिन फॅकल्टी म्हणजे बडोदा मेडिकल कॉलेज, तेही 1949 चं. ते सर सयाजीराव जनरल हॉस्पिटलला जोडलेलं आहे. गावात सगळे त्याला ‘सयाजी’ किंवा ‘एसएसजी’ म्हणतात. रेल्वे स्टेशनवरून काळा घोडा ओलांडलात की आलंच. फिजिओथेरपीचं सरकारी कॉलेजही याच हॉस्पिटलच्या आवारात आहे. फार्मसी फॅकल्टी फतेहगंजला. पोषणशास्त्र फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस फॅकल्टीत शिकवतात. जुने बडोदेकर तिला अजून ‘होम सायन्स’च म्हणतात. गोत्रीचं जीएमईआरएस मेडिकल कॉलेजही याच विद्यापीठाशी संलग्न आहे, पण ते राज्य सरकारच्या एका सोसायटीमार्फत, म्हणजे वेगळ्या संस्थेमार्फत, चालतं. त्यामुळे तिथल्या जागांचे प्रकार आणि फी बडोदा मेडिकलपेक्षा वेगळी असते.

बाहेरगावचे पालक इथे एक गोंधळ हमखास करतात. वाघोडिया तालुक्यातलं सुमनदीप हे अभिमत विद्यापीठ आहे आणि पारुल हे खासगी विद्यापीठ. दोन्हींच्या पत्त्यात वडोदरा असतं, पण ती एम. एस. युनिव्हर्सिटीची कॉलेजं नाहीत. चांगलं-वाईट हा वेगळा विषय. प्रवेशाची वाट, फी आणि पदवी वेगळी, एवढं लक्षात ठेवा. कागदावरच्या दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे पदवीवर कोणाचं नाव असेल त्याचं, उत्तर इथेच मिळतं.

पहिला प्रश्न: प्रवेश कोण देतं

विद्यापीठाच्या खिडकीवर एमबीबीएसचा फॉर्म मिळत नाही. वाटा चार आहेत.

एमबीबीएससाठी नीट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा लागते. तिच्या गुणांवर सरकारी कॉलेजांच्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. ते काम दिल्लीची मेडिकल कौन्सिलिंग कमिटी करते. नंदुरबारचा किंवा पुण्याचा मुलगा बडोदा मेडिकलला यायचा तर याच वाटेने. उरलेल्या 85 टक्के जागा राज्याच्या. त्या गांधीनगरची प्रवेश समिती भरते आणि तिचा फॉर्म वेगळा असतो. नीट दिली म्हणजे दोन्हीकडे आपोआप नाव गेलं, असं होत नाही. दोन्ही ठिकाणी नोंदणी स्वतः करावी लागते. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दंतवैद्यकाच्या राज्यातल्या जागाही हीच गांधीनगरची समिती भरते.

फिजिओथेरपी, नर्सिंग, ऑप्टोमेट्री वगैरेंचं कामही याच समितीकडे आहे, मात्र त्यासाठी पिन (ऑनलाइन नोंदणीचा क्रमांक) वेगळा घ्यावा लागतो आणि तारखा वेगळ्या असतात. इथे आजवर बारावी सायन्सच्या गुणांवर मेरिट लागत आलं आहे. पण 2021 च्या कायद्याने अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा राष्ट्रीय आयोग आला. तेव्हापासून फिजिओथेरपीचा अभ्यासक्रम, इंटर्नशिपचा काळ आणि प्रवेशाच्या अटी यांत बदल सुरू आहेत. माझा सल्ला स्पष्ट आहे: फिजिओथेरपीच हवी असली तरी नीट द्या. दिल्याने नुकसान काही नाही, न दिल्याने दार बंद होऊ शकतं. मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या सांगण्यावर जाऊ नका, त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचा.

बी. फार्मसाठी तिसरी वाट: अहमदाबादची एसीपीसी, म्हणजे व्यावसायिक अभ्यासक्रमांची राज्याची प्रवेश समिती. त्यासाठी गुजसेट द्यावी लागते. ही 120 गुणांची परीक्षा गुजरात बोर्ड घेतं. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र किंवा गणित यांचे प्रत्येकी 40 गुण. बारावीचे आणि गुजसेटचे गुण मिळून मेरिट ठरतं. गंमत म्हणजे फार्मसीला ए ग्रुपवालेही जाऊ शकतात. गणित घेऊन बारावी केलेल्या आणि आरोग्यक्षेत्राची ओढ असलेल्या मुलांना हे कुणी सांगतच नाही.

चौथी वाट पोषणशास्त्रासारख्या पदव्यांची. त्यासाठी राज्याचं जीसीएएस पोर्टल आहे. तिथे एकदा नोंदणी करून विद्यापीठ आणि अभ्यासक्रम निवडायचे.

नीटच्या फॉर्ममध्ये भाषेचा रकाना असतो, तिथे जपून. नीट 13 भाषांत होते आणि त्यांत मराठी आहे. पण मराठीतली प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. बडोद्याचं केंद्र घेतलंत तर गुजराती, हिंदी किंवा इंग्रजी. भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्न प्रमाण मानतात, म्हणून पारिभाषिक शब्द इंग्रजीत पाठ असलेले बरे.

कागदपत्रं: इथेच मराठी घरं अडकतात

या भागावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण गुणांवर जागा गेल्याचं दुःख पचतं, दाखल्यावर गेल्याचं पचत नाही.

पहिली अडचण जन्माच्या दाखल्याची. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. आई जळगावची किंवा नाशिकची असली की मुलाचा जन्म तिकडचा, मग भले चार पिढ्या बडोद्यात गेल्या असोत. जन्म गुजरातबाहेरचा असला की राज्याच्या जागांसाठी समिती डोमिसाइलचा दाखला मागते. तो मामलतदार कचेरीतल्या जनसेवा केंद्रातून काढायचा. त्यासाठी सलग रहिवासाचे पुरावे लागतात: शाळेचे दाखले, लाइटबिलं, घराचे कागद, वडिलांच्या नोकरीची कागदपत्रं. मे-जूनमध्ये तिथे मोठी रांग असते. अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत हे काम उरकून टाका. शाळा गुजरातमधली आहे ना, हेही समिती तपासते. दहावी बडोद्यात आणि अकरावी-बारावी कोटा किंवा लातूरला, असा बेत असेल तर आधी पुस्तिकेतली पात्रता वाचा आणि मगच शाळा सोडा.

दुसरी अडचण जातीच्या दाखल्याची. महाराष्ट्राचा दाखला गुजरातच्या राखीव जागांवर चालत नाही. ओबीसीला इथे एसईबीसी म्हणतात आणि त्या याद्या राज्यागणिक वेगळ्या असतात. तिथे यादीत असलेली जात इथल्या यादीत असेलच असं नाही. नॉन-क्रीमीलेअरचा दाखला राज्याच्या ठरलेल्या नमुन्यात लागतो आणि त्याची तारीख मुदतीत बसावी लागते. अखिल भारतीय कोट्यात मात्र केंद्राची यादी आणि केंद्राचा नमुना चालतो. म्हणजे एकाच मुलाला दोन वेगळे दाखले लागू शकतात. ईडब्ल्यूएसचंही तसंच.

तिसरी अडचण नावाची. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. कुठे ‘जोशी’, कुठे ‘जोषी’. कुठे वडिलांच्या नावाला ‘राव’ लागतो, कुठे गळतो. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा. काही दुरुस्ती असेल तर ती बारावीत असतानाच करा. शाळेत तुमच्या नावाची नोंदवही अजून हाताशी असते तोवर हे काम सोपं.

महाराष्ट्र बोर्डातून किंवा दुसऱ्या बोर्डातून आलेल्यांना मायग्रेशनचा दाखला आणि विद्यापीठाचा पात्रता दाखलाही लागतो. मूळ कागद जमा झाले की ते परत मिळायला वेळ जातो. म्हणून प्रत्येकाच्या चांगल्या स्कॅन आणि दोन-तीन झेरॉक्स संच घरी ठेवा.

चॉइस भरताना

गांधीनगरच्या समितीची पद्धत साधारण अशी: ऑनलाइन पिन, नोंदणी, हेल्प सेंटरवर मूळ कागदांची तपासणी, मेरिट यादी, मग चॉइस फिलिंग. यात मनाच्या पसंतीचा क्रम लिहायचा, ‘मिळेल’ त्याचा नव्हे. वर लिहिलेलं मिळालं नाही तरच यंत्रणा खालचं बघते, त्यामुळे आवडतं कॉलेज वर लिहिल्याने खालचं हातून जात नाही. पण जिथे जायचंच नाही ते कॉलेज केवळ जागा भरायला यादीत घालू नका. मिळालं तर गळ्यात पडतं. मॉक राउंडचा (सरावाच्या जागावाटपाचा) निकाल लागला की तो शांतपणे वाचा आणि क्रम पुन्हा एकदा तपासा. फी भरण्याची आणि कागद जमा करण्याची तारीख चुकली की जागा गेली. तिथे रदबदली चालत नाही. ‘माझी ओळख आहे, जागा करून देतो’ म्हणणाऱ्या माणसाचा फोन ठेवून द्या. या जागा मेरिटनेच भरतात.

कोणता अभ्यासक्रम कोणाला

एमबीबीएस साडेचार वर्षांचं, वर 1 वर्षाची इंटर्नशिप. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत 17 वर्षं पूर्ण हवीत. सरकारी जागा घेतलीत तर ग्रामीण सेवेचा बाँड असतो. सही करण्याआधी तो आई-वडिलांसोबत ओळीने वाचा. नियमही कडक आहेत: थिअरीला 75 टक्के आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के हजेरी, पहिल्या वर्षाच्या परीक्षेला जास्तीत जास्त 4 संधी.

नीटमध्ये थोडक्यात हुकलं की घरात सुतक आल्यासारखं होतं. मुलगा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ड्रॉप घेतो. एकदा घ्यायला हरकत नाही. त्यापुढे मात्र मुलाला विचारा, त्याला डॉक्टरकी हवी आहे की रुग्णाजवळचं काम हवं आहे. रुग्णाजवळच्या कामाची ओढ असेल तर बाकीचे रस्ते दुय्यम नाहीत.

नर्सिंगबद्दल मला तळमळीने सांगायचं आहे. आपल्या पांढरपेशा मराठी घरांत ‘नर्स?’ म्हणून भुवया उंचावतात. पण वॉर्डात रात्री तीन वाजता रुग्णाचा श्वास बदललेला आधी कळतो तो सिस्टरला किंवा ब्रदरला. बी. एस्सी. नर्सिंग 4 वर्षांचं आहे, पुढे एम. एस्सी., शिकवणं, आयसीयू, कम्युनिटी हेल्थ, परदेश असे रस्ते आहेत. जीएनएम 3 वर्षांचा डिप्लोमा आहे, त्याला बारावी सायन्सच हवी असं नाही. एएनएम 2 वर्षांचा. पैशांची नड असेल आणि लवकर कमवायचं असेल तर जीएनएम करून पुढे पोस्ट बेसिक बी. एस्सी. करता येतं. नर्सिंग कॉलेज निवडताना दोन गोष्टी तपासा: इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत ते त्या वर्षी आहे का, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना कोणत्या हॉस्पिटलात किती खाटांवर काम मिळतं. सयाजीसारख्या मोठ्या सरकारी इस्पितळात पोस्टिंग मिळणं हे चकचकीत इमारतीपेक्षा कितीतरी मोलाचं.

फिजिओथेरपी ज्यांना हातांनी काम करायला आवडतं आणि रुग्णासोबत महिनोन्‌महिने चिकाटी धरता येते त्यांच्यासाठी. लकवा, अपघात, जन्मतः अपंगत्व असलेली मुलं, सगळं सयाजीत येतं. इथे शिकलेल्याचा हात लवकर तयार होतो.

बी. फार्म 4 वर्षांचं. औषधाचं दुकान एवढाच त्याचा अर्थ नाही. बडोद्याच्या आसपास औषध कंपन्या बऱ्याच आहेत आणि गुणवत्ता तपासणी, उत्पादन, नियमनाची कागदपत्रं यांत फार्मसीवाल्यांना काम मिळतं. फक्त दुकानच टाकायचं असेल तर 2 वर्षांचं डी. फार्म पुरतं.

पोषणशास्त्राबद्दल लोकांना सर्वांत कमी माहिती. या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. भारतातल्या सहशिक्षण असलेल्या विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला कुलगुरू. त्यांच्या काळात इथे गृहविज्ञान उभं राहिलं आणि फूड्स अँड न्यूट्रिशन विभागाला आज देशभर मान आहे. कुपोषण, रक्तक्षय, मधुमेह या विषयांत ज्याला लोकांमध्ये जाऊन काम करायचं आहे, त्याने हा विभाग जरूर बघावा. एक सावधगिरी: इस्पितळात डाएटिशियन व्हायचं तर नुसती पदवी सहसा पुरत नाही. एम. एस्सी. किंवा पीजी डिप्लोमाचा हिशेब सुरुवातीपासून धरा.

पैसा

सरकारी कॉलेजची फी झेपते, खर्च हॉस्टेल, पुस्तकं आणि उपकरणांचा. गुजरातची मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना, म्हणजे एमवायएसवाय, 2015 पासून आहे. बारावीत 80 किंवा जास्त पर्सेंटाइल आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 6 लाखांपर्यंत असेल तर शिक्षण फीच्या निम्म्यापर्यंत मदत मिळते, अभ्यासक्रमागणिक कमाल मर्यादा ठरलेली आहे. मेडिकलला जाणाऱ्या मुलींसाठी मुख्यमंत्री कन्या केळवणी निधी आहे. राखीव प्रवर्गांच्या शिष्यवृत्त्या डिजिटल गुजरात पोर्टलवर. गुणपत्रिकेवर टक्के आणि पर्सेंटाइल दोन्ही असतात, अर्जात ते उलटसुलट करू नका. नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं आणि दुसऱ्या वर्षी पुष्कळ मुलं तेच विसरतात.

पहिले सहा महिने

भाषेचं आता बोलते. वर्ग इंग्रजीत, पण रुग्ण इंग्रजी बोलत नाही. सयाजीत शहराचेच नव्हे तर पंचमहाल, दाहोद, छोटा उदेपूर, नर्मदा जिल्ह्यांतले आणि मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर-झाबुआकडचेही रुग्ण येतात. बडोद्यातल्या मराठी मुलांना गुजराती येतंच. महाराष्ट्रातून आलेल्यांनी पहिल्या आठवड्यापासून कान उघडे ठेवावेत. खोकल्याला उधरस, तापाला ताव, जुलाबाला झाडा, गुडघ्याला ढींचण, सुजेला सोजो, उजव्याला जमणुं, डाव्याला डाबुं. असे शे-दीडशे शब्द आले की हिस्टरी, म्हणजे रुग्णाच्या दुखण्याची माहिती, घेता येते. एमबीबीएसच्या सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचा भाग असतो, तो बंक करू नका. आणि खेड्यातून आलेल्या आजीबाईंशी बोलताना ‘बा’, ‘माजी’ आणि म्हाताऱ्या पुरुषांशी बोलताना ‘काका’ असं म्हणा. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर आणि आया भाषेच्या उत्तम शिक्षिका आहेत. त्यांना मान द्या, त्या सगळं शिकवतात.

इंग्रजीचा धसका घेऊ नका. दोन महिने रोज पाठ्यपुस्तकाची दोन पानं मोठ्याने वाचा, अडलेले शब्द वहीत उतरवा. शरीररचनेचे शब्द बहुतेक लॅटिन-ग्रीकमधून आलेत, ते इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही तितकेच नवे असतात.

वॉर्डात पाऊल टाकण्याआधी हिपॅटायटिस बीची लस घ्या. तीन डोस असतात: पहिला, मग 1 महिन्याने, मग पहिल्यापासून 6 महिन्यांनी. म्हणजे प्रवेश पक्का होताच सुरुवात करायला हवी. पुढे अँटिबॉडी तपासून घ्या. कधी सुई टोचलीच तर लाजेने लपवू नका. जखम साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, लगेच वरिष्ठांना सांगा. एचआयव्हीविरोधी औषध लागलंच तर ते शक्यतो 2 तासांत आणि 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवं. रागवणाऱ्या माणसाची भीती वाटली तरी हे सांगायचंच.

राहण्याचं म्हणाल तर मेडिकलच्या विद्यार्थ्यांची हॉस्टेलं त्यांच्या कॉलेजच्या व्यवस्थेत येतात, बाकी विभागांसाठी विद्यापीठाचे हॉल आहेत. तिथे जागा नाही मिळाली तर फतेहगंज, सयाजीगंज, प्रतापगंज भागात पेइंग गेस्टच्या खोल्या मिळतात. घराच्या जेवणाची आठवण आली तर दांडिया बाजाराकडे वळा. रॅगिंगचा त्रास झाला तर वॉर्डनला आणि कॉलेजच्या अँटी-रॅगिंग समितीला लेखी कळवा आणि घरीही त्याच दिवशी सांगा.

तिसरा प्रश्न: नोंदणी

एमबीबीएसचा अंतिम निकाल लागला की इंटर्नशिपआधी गुजरात मेडिकल कौन्सिलकडे तात्पुरती नोंदणी करायची, इंटर्नशिप संपली की कायमची. नर्सिंगवाल्यांना गुजरात नर्सिंग कौन्सिल, फार्मसीला गुजरात स्टेट फार्मसी कौन्सिल, फिजिओथेरपीला राज्याची फिजिओथेरपी कौन्सिल. नोंदणीशिवाय रुग्णाला हात लावून कमावणं बेकायदा आहे, पदवी कितीही चांगल्या गुणांची असो.

आपल्या मुलांपैकी बरीच पुढे पुण्या-मुंबईकडे जातात, त्यांनी एक काम विसरू नये. गुजरात कौन्सिलकडून ना-हरकत दाखला घ्यायचा आणि महाराष्ट्राच्या त्या-त्या कौन्सिलकडे नोंदणी करायची. नोकरीची ऑफर आल्यावर धावपळ करण्यापेक्षा इंटर्नशिपच्या शेवटच्या महिन्यातच गुणपत्रिका, इंटर्नशिप पूर्ण केल्याचा दाखला, पदवीचा किंवा तात्पुरत्या पदवीचा दाखला आणि फोटो असा एक संच तयार ठेवा. कौन्सिलचा नोंदणी क्रमांक हाती आला की त्याचीही स्कॅन त्याच फोल्डरमध्ये टाका. पदव्युत्तर प्रवेशाच्या फॉर्ममध्ये पहिल्यांदा तोच विचारतात.